फेडरल निधीसाठी शहराचे प्रकल्प कसे निवडावेत: सिटी कौन्सिलच्या यादीपासून ऑडिटपर्यंत

फेडरल पैशासाठी प्रकल्प निवडायला बसलं की बहुतेक सिटी कौन्सिल एकाच प्रश्नापासून सुरुवात करतात: शहराला सर्वांत जास्त गरज कशाची आहे? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. गरज मोठी असूनही जागेचा ताबा नाही, आराखडा नाही, स्थानिक हिश्श्याची, म्हणजे शहराने स्वतः घालायच्या वाट्याची, तरतूद नाही, असा प्रकल्प वॉशिंग्टनला पाठवला की तो दोन गोष्टींपैकी एक करतो. एक तर पहिल्याच चाळणीत गळतो, किंवा मंजूर होऊन वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि पुढच्या वेळी खासदाराचं कार्यालय त्या शहराच्या अर्जाकडे हात आखडता घेऊन बघतं. म्हणून निवडायचा तो गरजेचा आणि तयार असलेला प्रकल्प. खालची पद्धत याच कसोटीभोवती बांधलेली आहे.

अमेरिकेतल्या शहरांत राहणारे, कौन्सिलवर, प्लॅनिंग कमिशनवर किंवा शहराच्या नोकरीत असलेले मराठी वाचक आणि मीटिंगला जाऊन तीन मिनिटं बोलू इच्छिणारे रहिवासी, या सर्वांना ती उपयोगी पडावी.

हा पैसा नेमका कोणता

काँग्रेसच्या सदस्याने आपल्या भागातल्या ठरावीक प्रकल्पासाठी थेट अर्थसंकल्पात रक्कम नोंदवून घेणे, याला बोलीभाषेत इअरमार्क म्हणतात. २०११ मध्ये ही प्रथा थांबवली गेली आणि २०२२ च्या आर्थिक वर्षापासून नव्या नियमांसह परत आली. हाउसमध्ये तिचं नाव कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग, सिनेटमध्ये काँग्रेशनली डायरेक्टेड स्पेंडिंग. हाउसच्या सदस्याला किती प्रकल्प सुचवता येतील यावर मर्यादा असते: २०२२ साठी ती १० होती, २०२३ पासून १५. सुचवलेले सगळे मंजूर होतातच असं नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला पैसे मिळत नाहीत, सदस्याला स्वतःचा किंवा कुटुंबाचा आर्थिक संबंध नसल्याचं लेखी द्यावं लागतं, आणि प्रत्येक मागणी सदस्याच्या संकेतस्थळावर जाहीर होते.

आता इथे थोडं गणित करा. एका हाउस मतदारसंघात साधारण साडेसात लाख लोक राहतात. त्यात अनेक शहरं, काउंटी, शाळा जिल्हे, पाणीपुरवठा जिल्हे येतात, आणि जागा १५. तुमच्या शहराला एखादी जागा मिळाली तरी ती मोठी गोष्ट आहे. त्यामुळे कौन्सिलने दहा प्रकल्पांची यादी पाठवणं म्हणजे निवडीचं काम खासदाराच्या कार्यालयातल्या तरुण कर्मचाऱ्यावर ढकलणं. दोन किंवा तीन पाठवा, आणि क्रम लावून पाठवा.

पायरी १: मार्चपासून उलटं कॅलेंडर आखा

फेडरल आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्यासाठीच्या मागण्या खासदारांची कार्यालयं साधारणपणे त्याच वर्षीच्या वसंतात, बहुधा मार्च-एप्रिलमध्ये घेतात, आणि जाहिरात व शेवटची तारीख यांच्यात कधी कधी जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. जाहिरात आल्यावर निवड सुरू करणारं शहर हरलेलंच असतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सिटी मॅनेजरने विभागांकडून प्रस्ताव मागवावेत. नोव्हेंबरमध्ये फायनान्स आणि पब्लिक वर्क्सने मिळून चाळणी लावावी. डिसेंबर किंवा जानेवारीत कौन्सिलचं वर्कशॉप, फेब्रुवारीत जाहीर मीटिंगमध्ये ठराव. मार्चमध्ये फक्त अर्ज भरणं शिल्लक राहिलं पाहिजे. एक काम मात्र कॅलेंडरच्या आधीचं: सॅम डॉट गव्ह या फेडरल नोंदणीत शहराचं खातं चालू आहे का ते तपासा. ते दर वर्षी नव्याने करावं लागतं. नोंदणी लटकली की शहराची ओळख पटवणारा १२ अक्षर-अंकी यूईआय क्रमांक असूनही पुढे अनुदानाचा अर्ज अडतो, आणि नाव-पत्त्यातला किरकोळ फरक दुरुस्त करायला आठवडे जातात.

पायरी २: यादी कॅपिटल इम्प्रूव्हमेंट प्लॅनमधूनच घ्या

बहुतेक शहरांचा पाच-सहा वर्षांचा भांडवली कामांचा आराखडा असतो. त्यात नसलेला प्रकल्प शक्यतो घेऊ नका. आराखड्यातल्या कामाला खर्चाचा अंदाज असतो, जबाबदार विभाग असतो, आणि कौन्सिलने त्यावर आधी एकदा मत दिलेलं असतं. वर्कशॉपच्या दिवशी कुणी तरी मांडलेली चांगली कल्पना पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घाला. ती तिथे एक वर्ष मुरू द्या.

पगार, चालू कार्यक्रम, दुरुस्ती-देखभाल, आधीच झालेला खर्च हे सगळं बाजूला काढा. पूर्ण झालेल्या कामाचे पैसे परत मिळवण्यासाठी हा मार्ग नाही.

पायरी ३: प्रत्येक प्रकल्पाला त्याचं खातं शोधा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून बघू. काँग्रेसचा पैसा एका पोत्यातून येत नाही. प्रत्येक खात्याचे नियम वेगळे, आणि खातं चुकलं तर उत्तम प्रकल्पही बाद. कोणती खाती खुली आहेत हे दर वर्षी बदलतं, तेव्हा त्या वर्षीची मार्गदर्शिका वाचल्याशिवाय काहीही गृहीत धरू नका.

पाणी आणि सांडपाणी पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या स्टॅग खात्यात जातं. तिथे प्रकल्प राज्याच्या फिरत्या कर्ज निधीच्या निकषांत बसावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या बाजूला धरणं, मुख्यतः अग्निशमनासाठीची कामं आणि मुख्यतः भविष्यातल्या लोकसंख्यावाढीसाठीची कामं बसत नाहीत. अर्जात ‘नव्या वसाहतींसाठी क्षमता वाढवणे’ असं अभिमानाने लिहिलेलं एक वाक्य इथे घात करू शकतं. फेडरल वाटा ८० टक्के, शहराचा २०. प्रकल्प राज्याच्या इंटेंडेड यूज प्लॅनमध्ये, म्हणजे त्या कर्ज निधीतून करायच्या कामांच्या यादीत, असेल तर अर्जाचं वजन वाढतं, म्हणून राज्याच्या कार्यालयाला आधी फोन करा.

रस्ते आणि चौक परिवहन विभागाच्या हायवे खात्यात. यात गल्लीबोळातल्या रस्त्याचं डांबरीकरण सामान्यतः बसत नाही. रस्ता फेडरल-एड जाळ्यात, म्हणजे फेडरल मदतीला पात्र रस्त्यांत, आहे का ते बघावं लागतं. शिवाय प्रकल्प राज्याच्या वाहतूक सुधारणा कार्यक्रमात, म्हणजे स्टिपमध्ये, असावा किंवा जाण्याच्या वाटेवर असावा. ती यादी राज्याचा परिवहन विभाग ठेवतो, महानगरी भागात तीत प्रादेशिक नियोजन संस्थेची यादी येते, आणि तिथे दुरुस्ती करून घ्यायला महिने लागतात.

पूर, भूकंप, वणवा यांपासून बचावाची कामं फेडरल आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे फेमाच्या प्री-डिझास्टर मिटिगेशन खात्यात. ७५ टक्के फेडरल आणि २५ टक्के स्थानिक ही इथली सर्वसाधारण वाटणी. फेमाने मान्य केलेला आपत्ती सौम्यीकरण आराखडा लागतो, तो दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो, आणि शहराच्या आराखड्याची मुदत संपली आहे हे बऱ्याचदा अर्जाच्या वेळीच कळतं. खर्चापेक्षा फायदा जास्त हे आकड्यांनी दाखवावं लागतं. गुणोत्तर किमान १ यावं.

सार्वजनिक इमारती, पदपथ, वस्तीतल्या सुधारणा गृहनिर्माण विभागाच्या, म्हणजे हडच्या इकॉनॉमिक डेव्हलपमेंट इनिशिएटिव्ह खात्यात. इथे स्थानिक हिस्सा सक्तीचा नाही, त्यामुळे सगळ्यांची धाव इकडेच असते आणि स्पर्धाही इथे जास्त. महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांना आपल्या सभागृहासाठी हा मार्ग खुणावतो; पण हाउसने २०२५ च्या आर्थिक वर्षापासून या खात्यात ना-नफा संस्थांना मनाई केली. ज्यांना सर्वांसाठी खुली जागा हवी आहे त्यांनी शहराच्या मालकीच्या कम्युनिटी सेंटरसाठी कौन्सिलकडे आग्रह धरावा, तो जास्त फलदायी आहे. आपत्कालीन केंद्रं, पोलिसांची उपकरणं, विमानतळ, ग्रामीण सुविधा यांची वेगळी खाती आहेत.

पायरी ४: पाच प्रश्नांची चाळणी

गुण देण्याआधी हो किंवा नाही एवढंच विचारा. जागा शहराच्या ताब्यात आहे का? डिझाइन किमान ३० टक्के झालं आहे का? स्थानिक हिश्श्याचा स्रोत फायनान्स संचालक लेखी देतील का? बांधून झाल्यावर चालवायला दर वर्षी किती लागतील आणि ते कुठून येतील? फेडरल पैसा निम्माच मिळाला तर कामाचा एखादा स्वतंत्र, वापरता येईल असा टप्पा पूर्ण करता येईल का?

शेवटचा प्रश्न सोडू नका. मागितलेल्यापेक्षा कमी रक्कम मिळणं नेहमीचं आहे. अर्ध्या पुलाचा उपयोग नाही. अर्ध्या जलवाहिनीचा आहे.

पायरी ५: गुण द्या, पण तक्त्याचे गुलाम होऊ नका

१०० पैकी आमची शिफारस अशी: तयारी ३०, सुरक्षितता आणि आरोग्याची गरज २५, स्थानिक हिश्श्याची खात्री १५, लोकांचा पाठिंबा १५, देखभालीची तरतूद १५. खात्यात बसतो की नाही याला गुण नाहीत. नाही बसला तर तो बाद. गुण विभागप्रमुखांनी आपल्याच प्रकल्पाला देऊ नयेत. तीन जणांनी स्वतंत्रपणे द्यावेत, आणि जिथे फरक १० पेक्षा जास्त येईल तिथे बसून कारण शोधावं. तिथे बहुधा कुणाला तरी काहीतरी माहीत असतं जे कागदावर आलेलं नसतं: जमिनीखालची गॅसलाइन, शेजाऱ्याचा जुना हक्क, रेल्वेची परवानगी.

दोन-अडीच लाख डॉलरपेक्षा लहान मागणी शक्यतो करू नका. फेडरल नियम पाळण्याचा कागदोपत्री खर्च लहान कामालाही जवळपास तेवढाच पडतो.

पायरी ६: रक्कम ठरवणं

एक उदाहरण पूर्ण करून बघू. जुनी ६ इंची बिडाची जलवाहिनी काढून ४,००० फूट ८ इंची डक्टाइल आयर्नची टाकायची आहे. उदाहरणापुरता बांधकामाचा दर फुटामागे ४५० डॉलर धरू.

बांधकाम १८ लाख डॉलर. डिझाइन, देखरेख आणि व्यवस्थापन बांधकामाच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. डिझाइन ६० टक्क्यांवर असेल तर अनपेक्षित खर्चासाठी आणखी २० टक्के, ३ लाख ६० हजार. बेरीज २५ लाख २० हजार. बरीच शहरं इथे थांबतात आणि फसतात. पैसा हातात येऊन खोदकाम अर्ध्यावर येईपर्यंत तीन वर्षं जाऊ शकतात. वर्षाला ४ टक्के भाववाढ धरली तर रक्कम सुमारे २८ लाख ३५ हजार होते. हा खरा आकडा.

आता हिस्सा. ८० टक्के म्हणजे जास्तीत जास्त २२ लाख ६८ हजार मागता येतील. समजा मंजूर झाले ९ लाख ६० हजार. अनेक जण त्या रकमेचे २० टक्के काढतात, १ लाख ९२ हजार, आणि तेवढीच तरतूद करतात. हे चूक आहे. २० टक्के हे अनुदानाचे नसून एकूण खर्चाचे असतात. ९ लाख ६० हजार हे ८० टक्के, तर एकूण १२ लाख आणि शहराचा वाटा २ लाख ४० हजार. ४८ हजारांचा हा फरक ऐन वेळी कौन्सिलसमोर आणावा लागला तर फायनान्सची अब्रू जाते. १२ लाखांत साधारण १,७०० फूट वाहिनी होईल, म्हणून पहिला टप्पा कोणत्या दोन व्हॉल्व्हच्या मधला असेल ते आताच नकाशावर दाखवून ठेवा.

दुसऱ्या फेडरल अनुदानाचा पैसा सामान्यतः स्थानिक हिस्सा म्हणून चालत नाही. हडचं सीडीबीजी, म्हणजे शहरांच्या विकासासाठीचं ठोक अनुदान, हा अपवाद आहे: ते काम त्याच्या नियमांत बसत असेल तर तो पैसा हिश्श्यात धरता येतो. आणि लक्षात ठेवा, खर्च आधी शहराने करायचा आणि भरपाई मागाहून, अशीच बहुधा पद्धत असते. तेवढी रोकड फिरती ठेवावी लागते.

पायरी ७: जाहीर मीटिंग आणि ठराव

काँग्रेसला स्थानिक पाठिंब्याचा पुरावा हवा असतो, आणि कौन्सिलचा ठराव हा त्यातला सर्वांत भक्कम कागद. मीटिंगच्या नोटिशीचे नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात ब्राउन अॅक्टखाली नियमित मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, विशेष मीटिंगचा २४ तास. न्यू जर्सीत वार्षिक वेळापत्रकाबाहेरच्या मीटिंगची ४८ तासांची नोटीस लागते. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर घाईने ठराव केला तर तो आव्हानाला उघडा राहतो.

ठरावात चार गोष्टी हव्यात: प्रकल्पाचं नाव आणि ठिकाण, मागितलेली रक्कम, स्थानिक हिश्श्याचा स्रोत, आणि देखभालीची जबाबदारी शहर घेईल हे वचन. ‘पाठिंबा व्यक्त करण्यात येत आहे’ एवढंच लिहिलेला ठराव दुबळा असतो.

हा विषय कन्सेंट कॅलेंडरवर टाकून चर्चेविना मंजूर करण्याचा मोह आवरावा. ज्या भागात खोदकाम होणार तिथल्या लोकांनी बोलायला हवं, विरोधातही. विरोध आत्ता कळला तर आराखडा बदलता येतो. मंजुरीनंतर कळला तर तो कोर्टात कळतो. रहिवाशांनी बोलताना ‘आमच्या भागाकडे दुर्लक्ष होतं’ यापेक्षा तारखा आणि ठिकाणं सांगावीत: कोणत्या चौकात पाणी किती चढलं, वाहिनी कधी फुटली, शाळा किती वेळ पाण्याविना होती. फोटो तारखेसह द्यावेत. हेच पुढे अर्जात जसंच्या तसं वापरता येतं.

पायरी ८: अर्ज

एकच प्रकल्प हाउसच्या सदस्याला आणि दोन्ही सिनेटरना पाठवता येतो, पाठवावाच. नाव, रक्कम, वर्णन तिन्हीकडे अक्षरशः एकच ठेवा. शहर दोन मतदारसंघांत विभागलेलं असेल तर प्रकल्पाची जागा ज्याच्या हद्दीत त्याच्याकडे जा आणि दुसऱ्याला कल्पना द्या.

नावावर मेहनत घ्या, कारण मंजुरीच्या तक्त्यात तेच छापलं जातं आणि पैसा त्याच शब्दांना बांधला जातो. ‘ओक स्ट्रीट जलवाहिनी’ लिहिलं आणि नंतर शेजारच्या रस्त्यावर जास्त गळती निघाली, तर तिकडे पैसा वळवता येत नाही. काँग्रेसकडून दुरुस्ती करून घ्यावी लागते. ‘शहरातील पाणी सुधारणा’ लिहिलं तर ते इतकं मोघम की निवडच होत नाही. ‘पूर्व विभाग जलवाहिनी बदल, टप्पा १’ हे बरं.

पायरी ९: वाट बघताना काय करू नये

मागणी पाठवली म्हणजे पैसा आला नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षाचे कायदे मार्च २०२४ मध्ये झाले, म्हणजे वर्ष सुरू झाल्यावर पाच महिन्यांनी. २०२५ साठी तर मार्च २०२५ मध्ये वर्षभराची जैसे थे तरतूद मंजूर झाली आणि त्यात स्थानिक प्रकल्पांचा पैसा नव्हताच. वर्षभर वाट बघितलेल्या शहरांना सगळं पुन्हा करावं लागलं. म्हणून या पैशाच्या भरवशावर शहराचा अर्थसंकल्प बांधू नका.

मधल्या काळातली सर्वांत महागडी चूक म्हणजे घाई. हडच्या निधीत पर्यावरणीय आढावा पूर्ण होऊन निधी मोकळा करण्याची मंजुरी येण्याआधी जमीन विकत घेतली, जुनी इमारत पाडली किंवा बांधकामाचा करार केला, तर ते पर्याय बंद करणारं कृत्य मानलं जातं आणि निधी जाऊ शकतो. मग ते काम शहराने स्वतःच्या पैशातून केलं असलं तरी. कागदावरचं डिझाइन चालू ठेवायला हरकत नाही, बुलडोझर थांबवा. ऐतिहासिक वास्तूंबाबत राज्याच्या अधिकाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात, तेही वेळापत्रकात धरा.

पायरी १०: मंजुरीनंतर

काँग्रेसने नाव छापलं तरी संबंधित विभागाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. इथून पुढे एक लक्षात ठेवा: शहराच्या नेहमीच्या यादीतल्या इंजिनिअरला स्पर्धेशिवाय काम दिलं असेल तर त्याचं बिल फेडरल पैशातून जाणार नाही. फेडरल अनुदानांच्या २ सीएफआर २०० या नियमावलीनुसार निवड झाल्याची फाइल लागते. पायाभूत कामात २०२१ चा बिल्ड अमेरिका, बाय अमेरिका कायदा लागू होतो: लोखंड, पोलाद, तयार वस्तू आणि बांधकाम साहित्य अमेरिकेत बनलेलं हवं. ही अट टेंडरच्या कागदातच घाला. व्हॉल्व्ह आणि पंप इथे अडकतात, कारण पुरवठादाराचं प्रमाणपत्र माल बसवून झाल्यावर मागितलं जातं आणि तेव्हा ते मिळत नाही. माल उतरवून घेतानाच प्रमाणपत्र ताब्यात घ्या, नसेल तर ट्रक परत पाठवा.

शहराचा वर्षभरातला एकूण फेडरल खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सिंगल ऑडिट, म्हणजे सगळ्या फेडरल पैशाची एकत्रित तपासणी, लागतं. ही मर्यादा साडेसात लाख डॉलर होती. १ ऑक्टोबर २०२४ ला किंवा नंतर सुरू झालेल्या शहराच्या आर्थिक वर्षांसाठी ती १० लाख आहे. लहान शहराला याची फी जाणवते, ती आधीच धरून ठेवा. शेवटचा आर्थिक अहवाल दिल्यापासून तीन वर्षं सगळे कागद जपायचे असतात: टेंडरची जाहिरात, आलेले सर्व देकार, साहित्याची प्रमाणपत्रं, कामगारांचे हजेरीपट, हिश्श्याच्या पैशाच्या नोंदी. प्रकल्पाचा इंजिनिअर मधेच नोकरी सोडून जातो आणि कागद त्याच्या ईमेलमध्ये अडकतात, हे टाळण्यासाठी पहिल्या दिवसापासून सामाईक फोल्डर ठेवा आणि त्याची किल्ली फायनान्सकडे द्या.